गिटारची जवारी

आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर एक तरी गिटार आहे, आणि प्रत्येक गिटारवाल्याची एकच तक्रार आहे – "यार, टोन नाही मिळत." मग पुढचं ठरलेलं. एकजण सांगतो पिकअप बदल, दुसरा सांगतो महागनीची बॉडी घे, तिसरा इफेक्ट पेडलची किंमत सांगून घाबरवतो. "पण बाबा रे, तुला नेमका आवाज कुठला हवाय?" हे मात्र कुणीच विचारत नाही. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. आपण मशीन डिझाइनच्या पेपरात आधी लोड काढतो आणि मग शाफ्टचा व्यास. इथेही तसंच. आधी आवाज, मग लाकूड-लोखंड.

मला हवा होता तंबोऱ्याचा 'झं'. कारण साधं होतं. दर गुरुवारी मेसच्या मागच्या हॉलमध्ये भजन असतं. पेटी, पखवाज, टाळ सगळं जमलेलं. त्यात माझी इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसलो तर ती लग्नात चुकीच्या पंगतीला बसलेल्या पाहुण्यासारखी वाटायची. पेटीवाले काका (आपल्या ऑफिसमधलेच) एकदा सरळ म्हणाले, "तुझी ती टणटण नको रे. स्वर धरून राहील असं काही असेल तर बस आमच्यात." म्हणजे प्रश्न पेटीला शोभेल असा आवाज काढायचा होता, आणि नाही निघाला तर गुरुवारी पंगतीबाहेर. तयार गिटारमध्ये हा आवाज मिळत नाही, म्हणून बांधायची ठरवली.

आता हा 'झं' म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण सगळी गिटार त्याच्याभोवती उभी आहे.

साध्या गिटारची तार ब्रिजवर एका टोकदार कडेवर टेकते. तारेची लांबी तिथे चाकूने कापल्यासारखी संपते. तंबोऱ्याची घोडी तशी नसते. ती रुंद असते आणि तिचा माथा अगदी किंचित उतरता, गोलसर घासलेला असतो. तार त्या उतारावर हळूच टेकत पुढे जाते. तार छेडली की ती खालीवर होताना त्या उताराला क्षणाक्षणाला स्पर्श करते आणि सोडते, म्हणजे प्रत्येक हेलकाव्यात तारेची कंप पावणारी लांबी जरा कमीजास्त होत राहते. त्यामुळे मूळ स्वरातली ऊर्जा वरच्या हार्मोनिक्समध्ये जात राहते. म्हणून तंबोऱ्याचा आवाज छेडल्यावर लगेच संपत नाही, उलट फुलतो. गवई मंडळी ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो कुठल्याच तारेवर लावलेला नसतो. तो खर्जाच्या तारेचा पाचवा हार्मोनिक असतो, आणि जवारी चांगली असेल तर स्पष्ट ऐकू येतो.

यावर आपल्याच देशात पहिलं मोठं काम झालं ते सी. व्ही. रामन यांचं. 1921 साली, म्हणजे नोबेल मिळायच्या नऊ वर्षं आधी, त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक छोटा शोधनिबंध लिहिला. फिजिक्सच्या पुस्तकात नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर ज्या हार्मोनिकचा नोड येतो तो हार्मोनिक आवाजात येत नाही. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा गायब. रामन यांनी दाखवलं की आपल्या या वाद्यांत तो नियम चालत नाही. गायब व्हायला हवेत ते हार्मोनिक जोरदार ऐकू येतात, आणि त्याचं कारण घोडीचा तो उतार. आमच्या फर्स्ट इयरच्या फिजिक्स लॅबमध्ये सोनोमीटर होता, पण हे कुणी सांगितलं असतं तर जर्नल लिहिताना एवढी झोप आली नसती.

इलेक्ट्रिक गिटारला अशी घोडी लावायची कल्पना माझी नाही. 1967 साली अमेरिकेत डॅनइलेक्ट्रो कंपनीने 'कोरल' नावाखाली इलेक्ट्रिक सितार विकायला काढली. व्हिन्सेंट बेल या गिटारवादकाची ती कल्पना. नाव सितार असलं तरी मूळ वाद्य गिटारच, फक्त रुंद सपाट ब्रिज आणि बाजूला 13 तरफेच्या तारा. पण तिचा आवाज ऐकला तर तो थोडा माशी अडकल्यासारखा वाटतो. मला तेवढी भिणभिण नको होती. भिणभिण आणि जवारी यात फरक काय, हे पुस्तकात मिळेना, म्हणून मी मिरजेला गेलो.

रत्नागिरीहून मिरज तसं लांब नाही. लाल डब्यातून हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा, कोल्हापूर, आणि पुढे तासाभरात मिरज. तिथे सतारमेकर गल्ली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तिथे तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली असं सांगतात. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारीला धार लावणारे हात घोडीला उतार द्यायला लागले, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही. दोन्हीकडे काम एकच, दिसणार नाही इतकं थोडं घासायचं आणि योग्य वेळी थांबायचं. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांची कबरही तिथल्या दर्ग्यात आहे. गवई दारात असला की कारागिराला कान मिळतो. पंढरपूरकडचे भोपळे मिरजेत येतात आणि तंबोरे होऊन देशभर जातात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं ते तुम्ही वाचलं असेलच.

एका दुकानात बसलेल्या वयस्कर कारागिरांना मी माझं खूळ सांगितलं. वाटलं हसतील. त्यांनी उलट विचारलं, "तार किती ताणाची? स्वर कुठला?" मी गार. एवढे नेमके प्रश्न मला व्हायव्हातसुद्धा कुणी विचारले नव्हते! ते म्हणाले, "जवारी तारेची नसते भाऊ, ताणाची असते. त्या स्वराला, त्या ताणाला काढलेली जवारी दुसऱ्या स्वराला बोलत नाही." मग त्यांनी एका तंबोऱ्यावर खुली जवारी आणि बंद जवारी दोन्ही ऐकवल्या. खुलीत उतार असा की तार जास्त घासते, आवाज पसरट आणि झणझणीत. बंदमध्ये तार कमी टेकते, आवाज गोल आणि आतल्या आत. कोरलची भिणभिण म्हणजे फार खुली जवारी, एवढं माझ्या डोक्यात तिथेच बसलं. निघताना त्यांनी सतारीच्या घोडीतून उरलेला हाडाचा एक तुकडा दिला आणि पैसे घेतले नाहीत. "तार घोडीवर बसली नाही पाहिजे, टेकली पाहिजे," हे वाक्य मात्र तीनदा सांगितलं.

परतीच्या बसमध्ये गणित सुरू केलं. तंबोऱ्याची तार लांब, सैल, तिचा हेलकावा मोठा. गिटारची पहिली तार 0.009 इंचाची, 648 मिलिमीटर लांबीवर ई स्वराला लावली तर साधारण 6 किलोचा ताण. तेवढ्या ताणात हेलकावा लहान, आणि लहान हेलकाव्याला जवारी बोलणार कशी? ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. एक पूर्ण स्वर खाली उतरवलं की ताण सुमारे 21 टक्के कमी होतो आणि तेवढ्याच जोराने छेडल्यावर हेलकावा पाऊणशे नाही तरी पंचवीस टक्के वाढतो. म्हणून पहिली तार डी ला लावली. आणि डी म्हणजे पेटीची पांढरी दोन, काकांचा गायचा स्वर! मग बाकीच्या तारापण तशाच लावल्या. जाड तारेकडून पातळ तारेकडे सा, प, सा, ग, प, सा. गिटारवाले याला ओपन डी म्हणतात.

जवारी फक्त वरच्या तीन पातळ तारांना दिली. खालच्या तीन तारांवर निकेलचं वेटोळं असतं. ते वेटोळं हाडावर कानशीसारखं घासतं आणि महिन्यात खाचा पाडतं. त्यामुळे त्यांना साधे लोखंडी सॅडल. तुम्ही अशी गिटार बांधणार असाल तर आणखी एक गोष्ट. खऱ्या तंबोऱ्याची खर्जाची तार पितळेची असते, म्हणून ती लावावीशी वाटेल. लावू नका. मॅग्नेटिक पिकअपला पितळ दिसत नाही. तार वाजेल, स्पीकर गप्प.

आता लाकूड. या विषयावर आमच्या रूममध्ये जेवढी भांडणं झाली तेवढी इलेक्शनवरून झाली नाहीत. रूम पार्टनरचं म्हणणं होतं की टोन लाकडातूनच येतो. साध्या अकॉस्टिक गिटारमध्ये येतोच, वाद नाही. तिथे लाकडी तबली हवा हलवते. पण इलेक्ट्रिकमध्ये काय होतं ते पाहा. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेची कॉइल. लोखंडी तार चुंबकावर हलली की फ्लक्स बदलतो आणि कॉइलमध्ये व्होल्टेज येतं. फॅरेडे, बस. चुंबकाला सागवान आणि फणस यातला फरक कळत नाही. लेस पॉल यांनी 1940 च्या सुमारास एका चौकोनी पाइनच्या ओंडक्यावर तारा ताणून गिटार केली होती. तिचं नावच 'लॉग', म्हणजे ओंडका. लोकांना ती गिटारसारखी दिसेना म्हणून बाजूला एका जुन्या गिटारचे दोन पंख चिकटवले. आवाज ओंडक्यानेच दिला. लाकडाचा परिणाम अजिबात नाही असं मी म्हणत नाही. पण बाकीच्या गोष्टींपुढे तो इतका लहान आहे की हॉस्टेलच्या बजेटमध्ये त्यासाठी हजारो रुपये घालू नयेत.

लाकूड निवडायचं ते आवाजासाठी नाही, पावसाळ्यासाठी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वहीसुद्धा पापडासारखी वाकते. सहा तारांचा मिळून 35-40 किलोचा ताण गिटारच्या मानेवर अहोरात्र असतो. ओलं लाकूड घेतलंत तर श्रावणात त्याचं धनुष्य होणार. म्हणून मान सागाची घेतली आणि तिच्या पोटात वर्कशॉपच्या लेथवर आटे पाडलेली 5 मिलिमीटरची लोखंडी सळी घातली, म्हणजे वाकलीच तर पाना लावून सरळ करता येते. बॉडी फणसाची. गावाकडे एक जुनं घर उतरवलं तेव्हाची चौकट, किती वर्षं वाळली असेल देव जाणे. फणसाचं लाकूड वाद्याला नवीन नाही, तंजावरची वीणा फणसाचीच असते.

जुन्या घराच्या लाकडावरून आठवलं. क्वीन बँडचा ब्रायन मे यानं 1963 मध्ये शाळकरी वयात वडिलांबरोबर अशीच गिटार बांधायला घेतली होती. मान एका जुन्या शेकोटीवरच्या महागनीच्या फळीची, किडीची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवलेली, आणि ट्रेमोलोला जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले होते, म्हणजे आपल्याच जातकुळीचे. तीच गिटार त्यानं पुढे आयुष्यभर वाजवली. आणि तिच्या शेजारी उभा राहून गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. तिथे 1958 च्या सुमारास त्यांचा 'द हेक्टिक्स' नावाचा पोरांचा बँड होता. सांगायचा मुद्दा असा की घरी बांधलेली गिटार म्हणजे गरिबाची गिटार, हा समज काढून टाका.

फ्रेटसाठी फार डोकं लावावं लागत नाही. उरलेली लांबी 17.817 ने भागायची, तेवढ्या अंतरावर पुढचा फ्रेट. 648 ला पहिला फ्रेट 36.37 वर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, 324 वर. ऑटोकॅडमध्ये काढलं, एकास एक प्लॉट घेतला, लाकडाला चिकटवून करवत चालवली. एवढंच सांगतो, प्लॉट हातात आल्यावर आधी स्टीलच्या पट्टीने मोजा. कागदही दमट हवेत वाढतो.

घोडीला मात्र नऊ संध्याकाळी गेल्या. हाडाचा तुकडा तारेच्या दिशेने 22 मिलिमीटर आणि आडवा 28. आधी सपाट केला, मग बारीक कानस, मग वॉटर पेपर 400, 800, 1200. पूर्ण 22 मिलिमीटरमध्ये उतार अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. मेट्रॉलॉजी लॅबमधल्या फीलर गेजची 0.05 ची पट्टी तारेखाली सरकवून कुठपर्यंत जाते ते बघायचो, पेन्सिलीने खूण करायचो. पण खरं सांगायचं तर शेवटचे तीन दिवस गेज बाजूला ठेवलं. चार वेळा घासायचं, तार लावायची, स्वरात आणायची, ऐकायचं, परत सैल करायची. जवारी येते ती हळूहळू येत नाही. बराच वेळ नुसती खरखर असते आणि मग दोन हात जास्त फिरले की एकदम तार बोलायला लागते. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा दोरा सरकवून शेवटची बारीक जुळणी करतात. मीही शिवायच्या रिळाचा दोरा घातला, तो चालतो. घोडीच्या बुडाला 6 मिलिमीटरची खाच ठेवलीय, कारण या उतारावर तार नेमकी कुठे संपते ते आधी सांगता येत नाही, आणि बारावा फ्रेट सुरात यायला घोडी मागेपुढे करावीच लागते.

इथपर्यंत आवाज तारेत आला. तो स्पीकरपर्यंत पोचवणं हे वेगळंच प्रकरण आहे, आणि बहुतेकांचा टोन याच रस्त्यात हरवतो. पिकअपची कॉइल म्हणजे इंडक्टन्स. केबल म्हणजे कपॅसिटन्स, मीटरला साधारण 100 पिकोफॅरड. दोघं मिळून लो-पास फिल्टर होतो, ज्याचा रेझोनन्स एल आणि सी च्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. नेहमीच्या सिंगल कॉइल पिकअपला 8000 च्या आसपास वेढे आणि 2.5 हेन्री धरा. 5 मीटर केबलचे 500 आणि कॉइलचे स्वतःचे 100, मिळून 600 पिकोफॅरड. रेझोनन्स येतो सुमारे 4100 हर्ट्झ. त्याच्या वरचं सगळं कापलं जातं. म्हणजे एवढी हाडं घासून वरचे हार्मोनिक तयार करायचे आणि केबलने ते गिळायचे!

उपाय दोन. एक, वेढे कमी करायचे. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाप्रमाणे बदलतो, म्हणून 5600 वेढे घातले की तो जवळजवळ निम्मा होतो आणि त्याच केबलवर रेझोनन्स 5900 हर्ट्झच्या आसपास जातो. आवाज थोडा बारीक निघतो, चालेल. तार अमेरिकन मापात 42 गेज सांगतात, आपल्याकडे एसडब्ल्यूजीत 46 नंबर मागा. केसापेक्षा बारीक असते, मी ती लॅमिंग्टन रोडवरून मागवली. गुंडाळायला शिलाई मशीनची मोटर. वेढे मोजायला जुनी युक्ती: कॅल्क्युलेटरवर एक अधिक एक करून बरोबरच्या बटणाला रीड स्विच जोडायचा आणि फिरणाऱ्या चकतीवर चुंबक. सेकंदाला आठ धरले तरी बारा मिनिटांत काम होतं.

दुसरा उपाय, केबलच्या आधी गिटारच्या पोटातच टीएल072 चा बफर आणि 9 व्होल्टची बॅटरी. मग केबल कितीही लांब असू दे, पिकअपला ती दिसत नाही. आणि आपल्या हॉलचा मिक्सर, ज्याच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स कमी, तोही पिकअपचा गळा दाबत नाही. टोनचं बटण काढूनच टाकलं. ते पूर्ण फिरवलं की 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागून रेझोनन्स 1000 हर्ट्झच्याही खाली येतो, तिथे जवारीचं काय काम?

पिकअपची जागा हा राहिलेला भाग. तारेच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे ब्रिजपासून 162 मिलिमीटरवर पिकअप ठेवला तर मोकळ्या तारेचा चौथा आणि आठवा हार्मोनिक त्याला ऐकूच येत नाही, कारण तिथे नोड आहे. जवारी तो तयार करते, पिकअप बहिरा. म्हणून मी एकच पिकअप ठेवला, घोडीपासून 55 मिलिमीटरवर.

अ‍ॅम्प्लिफायरचं एक सांगून ठेवतो. गिटारच्या अ‍ॅम्पमधला 12 इंची स्पीकर 5000 हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. त्यावर ही गिटार सर्दी झाल्यासारखी वाजते. हॉलच्या साध्या पीएवर, हॉर्न असलेल्या स्पीकरवर वाजवली की 'झं' निघतो.

सगळा खर्च सव्वासहा हजार. त्यात खुंट्या, फ्रेटची तार आणि कॉइलची तार सोडली तर विकत घेतलेलं फार काही नाही. चौकट फुकट, हाड फुकट.

ती गुरुवारी पहिल्यांदा हॉलमध्ये नेली तेव्हा काकांनी पेटीचा भाता थांबवून नुसत्या मोकळ्या तारा ऐकल्या. मग म्हणाले, "पंचम एक केसभर चढा आहे." खुंटी उतरवली. त्यांनी गायला सुरुवात केली आणि मला कुणी थांब म्हटलं नाही. मात्र अभंग द्रुत लयीत गेला की मी हाताने तारा दाबून धरतो, कारण हा आवाज रेंगाळतो आणि टाळांच्या गर्दीत चिखल होतो. हे काम विलंबित लयीचं.

मीठ आणि दमट हवेमुळे तारांना तीन आठवड्यांत गंज धरतो, आणि गंजलेली तार घोडीवर घासली की जवारी बसते. मग दोन हात 1200 चा पेपर मारावा लागतो. हाडाची जाडी पाहता अशी घासणी किती वेळा चालेल ते मोजतोय, आत्तापर्यंत पाच झाल्यात. घोडीचं ड्रॉइंग आणि फ्रेटचा प्लॉट कारपेंट्री शॉपच्या कपाटात ठेवलाय. ज्याला बांधायची असेल त्यानं आधी आपल्याला कुठला स्वर हवाय ते ठरवावं आणि मग किल्ली मागावी. बाकी रेक्टरांनी रात्री दहापर्यंतच परवानगी दिलीय, ते लक्षात असू द्या.